एक वर्ष, एक मिलिमीटर

चर्चगेट ते विरार हे रेल्वेचं अंतर ६० किलोमीटर. एक वर्ष म्हणजे एक मिलिमीटर असं धरलं, तर हा सगळा मार्ग होतो ६ कोटी वर्षांचा. मुंबई किती जुनी, हे या मापाने मोजून पाहण्यासारखं आहे.

आज चर्चगेटच्या फलाटावर उभे आहोत, असं समजू. १९२४ साली पूर्ण झालेलं गेटवे ऑफ इंडिया दहा सेंटिमीटरवर. १८५३ ची पहिली रेल्वे सतरा सेंटिमीटरवर. पोर्तुगीजांनी मुंबई आंदण देण्याचा करार केला तो १६६१ मध्ये, म्हणजे फूटपट्टी संपून थोडं पुढे. पर्यटकांना दाखवतात ती बहुतेक मुंबई एवढ्यातच संपते.

जोगेश्वरीची लेणी दीड मीटरवर. चहूबाजूंनी वस्ती, मध्ये खाली उतरणाऱ्या पायऱ्या आणि आत अंधारा, भव्य सभामंडप. बोरिवलीच्या जंगलातली कान्हेरी साधारण दोन मीटरवर सुरू होते. तिथे शंभराहून जास्त लेणी आहेत आणि खोदकाम व वावर मिळून सुमारे हजार वर्षं चालला. तिसऱ्या लेण्यातल्या उभ्या बुद्धमूर्ती पाहून लोक परततात. मला मात्र तिथली पाण्याची सोय जास्त थक्क करते. कातळाच्या उतारावर बोटभर खोल पन्हळी कोरल्या आहेत. पावसाचं पाणी त्यांतून वळत वळत लेण्यांशेजारच्या टाक्यांत उतरतं. शिलालेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटलंय. भर पावसात जा, त्या पन्हळी आजही वाहताना दिसतात.

इथून पुढे आकडे झेपेनासे होतात. माणूस नावाची जात सुमारे ३ लाख वर्षांची, म्हणजे ३०० मीटर. पंधरा डब्यांची एक लोकल पुढे सरकली की माणसाचा सगळा इतिहास मागे पडला. आणि अंधेरी पश्चिमेचा गिल्बर्ट हिल? तो थेट विरारला! त्याचा खडक ६ कोटी वर्षांच्या आसपासचा आहे. लाव्हा थंड होताना आकसला, त्याला उभ्या भेगा गेल्या आणि एकमेकांना चिकटून उभ्या राहिलेल्या बहुकोनी खांबांचा सुमारे दोनशे फुटांचा कडा तयार झाला. ज्वालामुखीच्या त्या युगात ओतलेला लाव्हा आजही जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे, दीड महाराष्ट्राहून मोठ्या भूभागावर. वरळीच्या खडकांत, लाव्हाच्या थरांच्या मध्ये साचलेल्या गाळात, चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म सापडले आहेत. तेही याच युगाचे रहिवासी.

अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये असाच खांबांचा डोंगर आहे, डेव्हिल्स टॉवर. त्याला १९०६ मध्येच राष्ट्रीय स्मारक केलं गेलं. आपल्या डोंगराचा दगड आपण खाणीसाठी फोडला आणि पायथ्याशी इमारती दाटू दिल्या. महापालिकेच्या वारसा यादीत तो आला २००७ मध्ये. याचा मला मनापासून राग येतो, कारण एकदा तुटलेला खांब कुठलाही निधी पुन्हा उभा करू शकत नाही.

अंधेरी स्टेशनला पश्चिमेला उतरून रिक्षावाल्याला 'गिल्बर्ट हिल' सांगितलं की पुरतं. पायऱ्या चढून वर गावदेवीचं मंदिर लागतं. पण खांब नीट पाहायचे तर आधी खालच्या गल्लीतून मान वर करून पाहा, मग चढा. कान्हेरीला जाणार असाल, तर सोमवार टाळा, त्या दिवशी तिथलं राष्ट्रीय उद्यान बंद असतं.