दऱ्यांचा दर्या होऊ नये म्हणून : जुन्या संगणकावर लिनक्स

तेर म्हणजे प्राचीन तगर. तिथल्या लामतुरे संग्रहालयातल्या मातीच्या मूर्तींवर मी बरीच वर्षं टिपणं केली. धाराशिवला घरच्या संगणकावर लिनक्स बसवताना ‘डिस्क पुसून बसवा’ या ओळीवर घाईने क्लिक केलं आणि त्यातली निम्मी टिपणं गेली. दोष माझाच, प्रत काढली नव्हती. तेव्हा आधी सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा.

विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपल्याने हा प्रश्न आता अनेक लिहित्यांपुढे आला आहे. १९९१मध्ये लिनस टोरवाल्ड्सने सुरू केलेल्या लिनक्सची मूळ आज्ञावली कुणालाही वाचता येते, बदलता येते. चार जीबी रॅमच्या यंत्राला लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती पुरते. ती आधी न बसवता पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहा. वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा. (बसवताना लॅपटॉपची बॅटरी भरलेली असू द्या. आमच्याकडची वीज मुहूर्त पाहून जात नाही.)

खरी अडचण पुढे आली. वाचलेल्या टिपणांची फाईल उघडली, तर इंग्रजी अक्षरांचा नुसता काला! जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवत. फाईलमध्ये मराठी नसायचंच. तोच फॉन्ट लिनक्समध्ये आणून टाकला की मजकूर वाचता येतो, पण ‘तगर’ शोधलं तर सापडत नाही. म्हणून मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणा आणि छापील प्रतीशी ओळ न् ओळ ताडून पाहा. माझ्या टिपणांत रफार भलत्याच अक्षरांवर जाऊन बसले होते.

टंकनासाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट जोडा. बालाघाटच्या दऱ्या लिहिताना साधा ‘र’, हलन्त आणि ‘य’ दाबलात तर ‘दर्या’ उमटतो, आणि आमच्या कोरड्या जिल्ह्यात समुद्र येतो! शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅश : ‘ऱ्य’. दोन दिवसांत बोटांना सवय होते.

गेलेली टिपणं मी तेरला जाऊन पुन्हा काढतो आहे. या वेळी युनिकोडमध्ये, दोन प्रतींत.