एकाच गिअरचा हिशेब

सोलापूरच्या एका महाविद्यालयीन वाचकाचे पत्र समोर आहे. वडिलांची जुनी, काळी, एकाच गिअरची सायकल घेऊन, डांबरी सडक शक्यतो टाळून, पाणंदींनी आणि मुरमाच्या वाटांनी तुळजापूर गाठण्याचा त्याचा मानस असून, गिअरवाचून घाट चढणे अशक्य, असा निर्वाळा मित्रांनी दिल्यामुळे, शास्त्राचे म्हणणे काय, अशी त्याची पृच्छा आहे. कोजागरीला सोलापुराहून हजारो भाविक तुळजापुरास पायी जातात. अंतर सुमारे 45 किलोमीटरांचे. तेव्हा प्रश्न अंतराचा नसून बालाघाटाच्या अखेरच्या चढाचा आहे.

प्रथम जमाखर्च मांडू. पत्रलेखकाने दाते मोजून कळवले आहेत, याचे मला फार कौतुक वाटले: पुढे 44, मागे 18. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात 28 इंची चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते आणि सायकल सुमारे 5.4 मीटर सरकते. मिनिटाला 60 फेरे धरल्यास सपाटीवर तासाला 19 किलोमीटर पदरात पडतात. आता शंभरास पाच असा मुरमाड चढ घ्या. स्वार 70 किलोंचा आणि सामानासह सायकल 25 किलोंची असल्यास, पाय सर्वाधिक जोर लावतो त्या क्षणी पायडलवर सुमारे 54 किलोंचा भार द्यावा लागतो. चढ शंभरास दहा झाला, की हाच आकडा 93 वर जातो. अर्थात सबंध देह एका पायावर तोलला तरी तो अपुरा पडतो आणि उरलेला भार हँडल वर खेचूनच भागवावा लागतो.

या अडचणीचे मूळ लोखंडात नसून स्नायूंत आहे. नोबेल पारितोषिकाचे मानकरी ए. व्ही. हिल यांनी 1938 मध्ये बेडकाच्या स्नायूवर प्रयोग करून दाखवून दिले, की भार जसा वाढतो तसा स्नायूचा आकुंचनवेग एका निश्चित वक्ररेषेने घटतो, आणि स्नायूची शक्ती मधल्याच कोठल्याशा, ना फार जड ना फार हलक्या, भाराशी परमावधीस पोहोचते. वाट कशीही बदलो, स्नायूला त्या अनुकूल बिंदूपाशी राखणे, हेच गिअरचे सारे प्रयोजन.

हिल यांच्या कितीतरी आधी, फ्रान्समधील सेंत एतियेन गावी पॉल द व्हिव्ही या नियतकालिक चालवणाऱ्या गृहस्थाने, स्वतः डोंगर चढून, अनेक गिअरांचा हिरिरीने पुरस्कार केला होता. तरीही तूर द फ्रान्स शर्यतीच्या चालकांनी गिअर बदलणाऱ्या यंत्रणेस मनाई कायम ठेवली. स्पर्धकांना घाटाच्या पायथ्याशी उतरून, मागचे चाक काढून, ते उलटे बसवून दुसऱ्या बाजूचे दाते वापरावे लागत. मुभा मिळाली ती 1937 मध्ये, द व्हिव्ही यांच्या निधनानंतर सात वर्षांनी. सायकलीच्या इतिहासात त्यांचे नाव इतके मागे पडावे, याची मला मनापासून खंत वाटते.

तथापि एकेरी गिअरची बाजूही भक्कम आहे. काळ्या मातीच्या पाणंदीत, मागे लोंबणारी गिअरची नाजूक यंत्रणा चिखलाचा आणि गवताचा पहिला बळी ठरते. एकेरी सायकलीची चेन सरळ रेषेत धावते आणि बिघडण्यासारखे तिथे फारसे काही नसते. मात्र पाणी शोषून फुगणारी ही माती मडगार्डखाली घट्ट बसली, की चाकच जाम होते. म्हणून जमीन पुरती वाळल्यावरच निघावे आणि माती उकरायला एक काटकी जवळ बाळगावी.

आमची सूचना एवढीच, की मागे 22 दात्यांचे फ्रीव्हील बसवून घ्यावे आणि त्या मानाने चेनची लांबी जुळवावी. सपाटीवरचा वेग 16 किलोमीटरांवर येईल, पण 54 किलोंचे 44 होतील आणि 93 चे 76. म्हणजे तीव्र वळणावर उतरावे लागेलच, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही: तासाला 4 किलोमीटर वेगाने जुन्याच दात्यांवर चढताना पायडल मिनिटाला जेमतेम 12 वेळा फिरते, तर सायकल ढकलत चालणारा पाय आपल्या स्वाभाविक लयीत पडतो. नव्या 22 दात्यांवर, हँडल न खेचता, केवळ देहाच्या वजनावर, ज्या जागी पायडल थबकेल, तिथे चढ शंभरास सुमारे नऊ असल्याचे समजावे. ती जागा कोणती, हे पत्रलेखकाने परतल्यावर अवश्य कळवावे.