स्लॉटमध्ये बसलेली रॅम चालत का नाही?

दहा-पंधरा वर्षांपूर्वी घेतलेला डेस्कटॉप संगणक मंदावला की रॅम वाढवून घेण्याचा सल्ला हमखास मिळतो. सल्ला पुष्कळदा योग्यच असतो. अडचण सुरू होते ती त्यानंतर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जाऊन 'डीडीआर३, चार जीबी' एवढेच सांगितले तरी पट्टी हाती पडते. घरी आणल्यावर ती मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये व्यवस्थित बसते, आणि तरीही पडदा काळाच राहतो. अशा वेळी पट्टी सदोष असतेच असे नाही आणि मदरबोर्डही बिघडलेला नसतो. त्या दोघांचे जमत नाही, इतकेच. जुन्या पिढीची रॅम आता बहुतांशी वापरलेल्या मालातूनच घ्यावी लागते आणि असा माल परत घेण्यास विक्रेते सहसा राजी नसतात. म्हणून जी काही तपासणी करायची, ती पैसे देण्यापूर्वीच व्हायला हवी.

पहिली पायरी पिढी ओळखण्याची. डीडीआर, डीडीआर२, डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या पाच पिढ्यांपैकी एका पिढीची पट्टी दुसरीच्या स्लॉटमध्ये चालत नाही. डीडीआरला १८४ पिना होत्या. डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोन्हींना २४० पिना आहेत, पण पट्टीच्या खालच्या कडेवरील खाच वेगवेगळ्या ठिकाणी आहे. डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या २८८ पिनांबाबतही तेच. खाचेची जागा मुद्दामच बदललेली असते, कारण प्रत्येक पिढीचे विद्युतदाब निराळे आहेत: डीडीआर२ ला १.८ व्होल्ट, डीडीआर३ ला १.५, तर डीडीआर४ ला १.२. पट्टी बसत नसेल तर जोर लावू नये. ही चूक निदान लगेच कळते. खरी फसगत होते ती पिढी बरोबर असताना.

रॅमची पट्टी म्हणजे अनेक चिपांचा समूह. चार जीबीची पट्टी प्रत्येकी पाव जीबीच्या सोळा चिपांनी बनवता येते, तशीच अर्ध्या जीबीच्या आठ चिपांनीही. ग्राहकाच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच. रॅमवर नियंत्रण ठेवणाऱ्या मेमरी कंट्रोलरच्या दृष्टीने मात्र नाहीत. चिपमधील माहिती आडव्या-उभ्या ओळींत मांडलेली असते आणि हव्या त्या घराचा पत्ता कंट्रोलर चिपला कळवतो. चिपची क्षमता वाढली की पत्ताही लांबतो. जुन्या कंट्रोलरला तेवढा लांब पत्ता लिहिताच येत नसेल, तर एक तर संगणक सुरूच होत नाही किंवा चार जीबीच्या जागी दोनच दिसू लागतात.

आपल्याकडे कोअर टू ड्युओच्या काळात भरपूर विकल्या गेलेल्या, इंटेलच्या जी४१ चिपसेटच्या मदरबोर्डांवर हा अनुभव नेहमी येतो. या चिपसेटला पाव जीबीपेक्षा, म्हणजे २ गिगाबिटपेक्षा, मोठी चिप चालत नाही. त्यामुळे त्यावर चार जीबीची सोळा चिपांची पट्टी घ्यावी लागते; नंतरच्या काळातली, एकाच बाजूला आठ चिपा असलेली पट्टी तिथे निरुपयोगी ठरते. गंमत अशी की पुढच्या पिढीच्या एच६१ चिपसेटच्या बोर्डावर हीच आठ चिपांची पट्टी निमूटपणे चालते. त्यामुळे 'माझ्याकडे चालली' या मित्राच्या ग्वाहीला इथे फारसा अर्थ नाही. त्याचा बोर्ड कोणता, हे आधी विचारावे.

चिपा मोजायच्या नसतील तर पट्टीवरचे लेबल वाचावे. 'जीबी'च्या आकड्यानंतर '२आर×८' किंवा '१आर×८' असे काहीसे छापलेले असते. शेवटचा ८ म्हणजे प्रत्येक चिप एका वेळी आठ बिट देते. पट्टीला एका वेळी ६४ बिट द्यायचे असल्याने एका संचात आठ चिपा लागतात. 'आर'च्या आधीचा आकडा अशा संचांचा. म्हणजे २आर×८ ची पट्टी सोळा चिपांची आणि १आर×८ ची आठ चिपांची. पुढे 'पीसी३-१०६००यू' यांसारखी खूण असते. पीसी३ म्हणजे डीडीआर३. १०६०० हा वेग असून त्याला आठने भागले की साधारण १३३३ हा परिचित आकडा मिळतो. सर्वांत महत्त्वाचे ते शेवटचे अक्षर. 'यू' असेल तर पट्टी साध्या डेस्कटॉपची, 'एस' असेल तर लॅपटॉपची आणि 'आर' असेल तर सर्व्हरची.

हे 'आर' अनेकांना महागात पडते. मोडीत निघालेल्या सर्व्हरमधली डीडीआर३ रॅम विलक्षण स्वस्त मिळते, तिची खाचही डेस्कटॉपच्या पट्टीसारखीच असते, पण घरगुती कोअर श्रेणीच्या संगणकावर ती चालत नाही. 'फक्त एएमडीसाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त पट्ट्याही इंटेलच्या बोर्डासाठी टाळाव्यात. त्यांवर बहुधा चार-चार बिट देणाऱ्या चिपा असतात. त्या संख्येने सोळा भरतात खऱ्या, पण इंटेलच्या डेस्कटॉप कंट्रोलरला ही रचना मानवत नाही. म्हणून नुसती मोजदाद पुरेशी नाही. '×८' पाहूनच खात्री करावी.

डीडीआर३एल ही १.३५ व्होल्टची उपजात आहे. ती १.५ व्होल्टवरही चालते, म्हणून डीडीआर३ च्या बोर्डावर ती लावता येते. उलट, इंटेलच्या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरसाठी काही बोर्ड डीडीआर३ चे आणि काही डीडीआर४ चे निघाले; त्यांतील डीडीआर३ च्या बोर्डांसाठी इंटेलने १.३५ व्होल्टचीच शिफारस केली आहे.

मग आपल्या बोर्डाला काय चालते, हे कळायचे कसे? सीपीयू-झेड नावाचा मोफत प्रोग्रॅम बोर्डाचे नाव, चिपसेट आणि प्रत्येक स्लॉटमधील पट्टीची माहिती देतो. विंडोज १० च्या टास्क मॅनेजरमध्ये किती स्लॉट भरले आहेत तेही दिसते. बोर्डाचे मॉडेल समजले की उत्पादकाच्या संकेतस्थळावरील माहितीपुस्तिका उघडावी. कमाल क्षमता तिथे दिलेली असते आणि बहुतेक उत्पादक प्रत्यक्ष तपासलेल्या पट्ट्यांची यादीही देतात. कोअर टू पिढीपर्यंत इंटेलच्या संगणकांत कंट्रोलर मदरबोर्डवरील चिपसेटमध्ये होता. २००८ नंतर टप्प्याटप्प्याने तो प्रोसेसरमध्ये गेला. त्यामुळे नव्या बोर्डांबाबत प्रोसेसरची मर्यादाही पाहावी लागते. जी३१ चिपसेटची धाव चार जीबीपर्यंतच आहे, जी४१ ची आठ, तर दोन स्लॉटच्या एच६१ ची सोळा.

बोर्ड तयार असला तरी विंडोज तयार असेलच असे नाही. ३२-बिट विंडोज ७ किंवा १० असेल, तर चार जीबीच्या पुढची रॅम तिला वापरता येत नाही; प्रत्यक्षात तीन-सव्वातीन जीबीच हाती लागते. आठ जीबीचा उपयोग हवा असेल तर ६४-बिट आवृत्ती घालावी लागेल. छपाईच्या दुकानांनी इथे जरा थांबून विचार करावा. पेजमेकर आणि श्रीलिपीवर वर्षानुवर्षे मराठी मजकूर जुळवणाऱ्या कित्येकांनी जुना संगणक त्या जुन्या सॉफ्टवेअरसाठीच जपलेला असतो. ६४-बिट विंडोजवर १६-बिटचे प्रोग्रॅम मुळीच चालत नाहीत. रॅम वाढली आणि काम बंद पडले, असा हा सौदा होऊ शकतो.

वेगाची चिंता मात्र लोक उगाच करतात. १६०० ची पट्टी १३३३ च्या बोर्डावर १३३३ ने चालते, आणि दोन वेगांच्या पट्ट्या एकत्र लावल्या तर दोन्ही मंद पट्टीच्या गतीने चालतात. समान क्षमतेच्या दोन पट्ट्या दोन चॅनेलमध्ये विभागून लावल्यास थोडा लाभ होतो, तो पदरात पाडून घ्यावा.

खर्चाचाही हिशेब आहे. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी वाढली आणि मेमरीचे भाव जगभर चढले. म्हणून आधी टास्क मॅनेजर उघडून नेहमीचे काम करताना किती रॅम खर्ची पडते ते पाहावे. चारपैकी अडीच जीबीच वापरली जात असेल आणि हार्ड डिस्क मात्र सतत शंभर टक्क्यांवर असेल, तर दोष रॅमचा नाही. तेच पैसे साटा एसएसडीवर खर्च करणे शहाणपणाचे. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ च्या अधिकृत अटी कोअर टू किंवा एच६१ च्या काळातील संगणक पूर्ण करू शकत नाहीत, मग रॅम कितीही लावा. अशा यंत्रावर इंटरनेट वापरायचे असेल तर लिनक्सचा विचार करणे बरे.

पट्टी बदलताना संगणक बंद करून वीजेची तार काढावी, पॉवरचे बटण एकदा दाबून उरलेला भार जाऊ द्यावा आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मगच पट्टी उचलावी. दोन्ही टोकांच्या खिट्ट्या 'टक्' आवाज करून बसल्या पाहिजेत. पडदा काळा राहिला तर नवी पट्टी एकटीच, निरनिराळ्या स्लॉटमध्ये लावून पाहावी. जुन्या पट्टीच्या पिनांवर काजळी असेल तर ती खोडरबराने हलकेच पुसावी. संगणक सुरू झाला तरी मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवून पाहावा आणि त्यात एकही चूक दिसली, तर दुकानदाराने दिलेली मुदत संपण्यापूर्वी पट्टी परत न्यावी. तोवर काढलेली जुनी पट्टी कुणाला देऊ नये. त्या बोर्डावर नक्की चालते अशी हातची पट्टी तीच असते.