स्थळाच्या माहितींतलें खरें आणि खोटें



लग्न जुळवितांना झांकपाक करणें ही आपल्या समाजांत नवी गोष्ट नव्हे. गोविंद बल्लाळ देवल यांचें 'संगीत शारदा' १८९९ सालीं रंगभूमीवर आलें. त्यांतील जरठ भुजंगनाथ आणि त्याच्याकरितां कोवळी वधू शोधणारा भद्रेश्वर दीक्षित आपल्या स्मरणांत असतील. मध्यस्थानें वराचें वय उतरवून सांगावें आणि संपत्ति चढवून सांगावी, हा व्यवहार तेव्हांहि चाले. आज मध्यस्थाचें तें काम ज्याचें त्यानेंच हातीं घेतलें आहे. विवाह जुळविणारीं संकेतस्थळें गेल्या शतकाच्या अखेरीस आपल्या देशांत सुरू झालीं. आतां कन्नडसारख्या तालुक्याच्या गावींहि उपवर मुलामुलींचे बायोडाटे मोबाइलवर पाहिले जातात.

माणूस तेथें खोटें कां लिहितो? दुष्टपणा हेंच त्याचें कारण नव्हे. तेथें वय, उंची, उत्पन्न हें सारें आंकड्यांत द्यावें लागतें, आणि पाहणारा आपली मर्यादा आधींच ठरवून ठेवतो. त्यानें पांच फूट आठ इंचांची अट घातली, कीं पांच फूट सात इंचांचा मुलगा त्याच्या दृष्टीसहि पडत नाहीं. मग एका इंचानें काय बिघडतें, असें मुलाला वाटतें. पुष्कळदां तर माहिती भरणारे वडील किंवा थोरला भाऊ असतो, आणि मायेची नजर स्वभावतःच उदार असते.

अमेरिकेंत टोमा, हॅनकॉक आणि एलिसन या संशोधकांनीं न्यूयॉर्क येथील ८० जणांची उंची व वजन प्रत्यक्ष मोजलें, वयाचा दाखला पाहिला आणि त्यांनीं जोडीदार शोधण्याकरितां दिलेल्या माहितीशीं तें ताडून पाहिलें. दहांतील आठांनीं निदान एका बाबतींत चुकीचा आंकडा दिला होता. परंतु फरक बहुधा थोडाच होता. याचें कारण उघड आहे: पुढें प्रत्यक्ष भेट व्हावयाची असते, आणि भेटींत उंची लपत नाहीं.

आपण येथें नीट लक्ष द्यावें. जें डोळ्यांना दिसतें त्याविषयींचें असत्य लहान राहतें. नोकरी, पगार, कर्ज, आजार, पूर्वींचा विवाह या गोष्टी मात्र भेटींत दिसत नाहींत, आणि संसार बिघडतो तो याच गोष्टींमुळें. पूर्वीं सोयरे आणि शेजारी यांच्याकडून ही चौकशी आपोआप होई. आज आपण छायाचित्र न्याहाळतों, पत्रिका जुळवितों, आणि नेमकी हीच चौकशी सोडून देतों.

कायदा अशा वेळीं मदतीस येतो, पण उशिरा. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याच्या कलम १२ प्रमाणें, महत्त्वाच्या गोष्टीविषयीं कपट करून संमति मिळविली असल्यास विवाह रद्द करून घेतां येतो. मात्र कपट कळल्यापासून एक वर्षाच्या आंत अर्ज करावा लागतो, आणि तें कळल्यानंतर स्वखुशीनें एकत्र नांदलेलें चालत नाहीं.

कांहीं ठिकाणीं तर वरच खरा नसतो. परदेशांतील डॉक्टर म्हणून ओळख वाढवावयाची, भेटवस्तु पाठविल्याचें सांगावयाचें आणि ती विमानतळावर अडकली म्हणून जकातीचे पैसे मागावयाचे, ही या भामट्यांची ठरलेली रीत आहे. न भेटलेल्या माणसास एक रुपयाहि पाठवूं नये. पैसे गेलेच तर विनाविलंब १९३० या दूरध्वनि क्रमांकावर कळवावें.

बाकी उपाय साधे आहेत. पगाराचा दाखला मागावा, कचेरींत जाऊन यावें, घटस्फोट झाला असल्यास न्यायालयाच्या हुकुमाची नक्कल पाहावी, घराच्या आसपास चार माणसांना विचारावें. यांत अपमान मानण्याचें कारण नाहीं. दोन्हीं घरांनीं ही चौकशी करावी आणि करूं द्यावी.

माहिती लिहिणाऱ्यांनींहि आपला मजकूर पाठविण्यापूर्वीं एकदां मोठ्यानें वाचावा. मुलीच्या घरीं, तिच्या आईवडिलांसमोर बसून जें वाक्य वाचतांना जीभ अडखळेल, तें खोडून टाकावें.