ट्रेलोतलं कार्ड टेबलात उतरवताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

महाबळेश्वरात मे महिन्याची गर्दी ओसरायच्या आतच पावसाची तयारी सुरू करावी लागते. वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस झेलणारं हे गाव. भिंतींना पावसाच्या आडोशासाठी झड्या बांधायच्या, पन्हळी साफ करायच्या, पत्रे आवळायचे, जनरेटर तपासून घ्यायचा. एखाद्या हॉटेलमालकाने ही कामं वहीऐवजी ट्रेलोसारख्या ॲपमध्ये ठेवली, तर दर कामाचं एक कार्ड होतं आणि आज काय बाकी आहे ते लगेच कळतं. पण तीन वर्षांनी त्याला विचारायचं असतं की दरवर्षी लांबणारं काम कोणतं, आणि झड्यांचं काम प्रत्यक्षात कोणत्या तारखेला संपतं. अशा प्रश्नांसाठी नोंदी रिलेशनल डेटाबेसमध्ये हव्यात. ॲपच्या एपीआयकडून नोंदी ओढून टेबलांत भरणारी पायथनची स्क्रिप्ट फार मोठी नसते, आणि पोस्टग्रेस किंवा एसक्यूलाइट या डेटाबेसना पैसे पडत नाहीत. अडचण होते ती समजुतींची.

‘डेटा क्लाउडवर आहे, म्हणजे कायमचा आहे.’ वंडरलिस्ट हे लोकप्रिय ॲप मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये विकत घेतलं आणि 6 मे 2020 रोजी बंद केलं. नोंदी दुसरीकडे नेण्याची सोय दिली होती, पण ती वेळेत वापरणं ज्याच्या त्याच्या हाती होतं. आपली प्रत आपल्याकडे असावी, एवढं कारण पुरेसं आहे.

‘एक्सपोर्ट करून एक्सेलमध्ये टाकलं की काम झालं.’ एका कार्डावर दोन माणसं आणि तीन लेबलं असतील, तर एक्सेलच्या एकाच चौकोनात स्वल्पविराम देऊन नावं कोंबावी लागतात. मग एका माणसाकडे किती कामं होती, हे मोजताना नाकी नऊ येतात. डेटाबेसमध्ये कार्डांचं टेबल वेगळं, माणसांचं वेगळं, आणि कोणतं कार्ड कोणाकडे हे सांगणारं तिसरं. एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडलेल्या रिलेशनल मॉडेलमुळे हे शक्य झालं. हे तिसरं टेबल टाळू नये. पुढचे बहुतेक प्रश्न त्याच्यावरच सुटतात.

‘कार्डाच्या नावावरून ओळख पटते.’ नाव कोणीही बदलतं. ‘झड्या’चं ‘झड्या, मागची बाजू’ झालं की नावावर विसंबलेली स्क्रिप्ट ते नवं काम समजते. खरी ओळख आयडीची. ट्रेलोचा आयडी 24 अक्षरांचा असतो आणि त्याची पहिली आठ अक्षरं षोडशमान पद्धतीत कार्ड तयार झाल्याची वेळ सांगतात. आयडीची सुरुवात ६६५९६४८० अशी असेल, तर ते कार्ड भारतीय वेळेनुसार 31 मे 2024 रोजी सकाळी 11 वाजून 17 मिनिटांनी तयार झालं. तयार झाल्याची वेळ वेगळी मागायची गरजच उरत नाही.

‘स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवली की नोंदी दुप्पट होतात.’ आयडीला प्रायमरी की केलं आणि ‘असेल तर बदल, नसेल तर घाल’ असा अपसर्ट वापरला, तर स्क्रिप्ट कितीदाही चालवा. पोस्टग्रेसमध्ये ही सोय 2016 पासून आहे, एसक्यूलाइटमध्ये 2018 पासून. जुलैत वीज जाऊन स्क्रिप्ट अर्ध्यावर थांबली, तरी सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये बांधलेलं असल्यास अर्धवट काही उरत नाही. वीज आल्यावर ती पुन्हा चालवायची.

‘मराठी बिघडतं.’ देवनागरीचं अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं. मायएसक्यूएलच्या जुन्या ‘यूटीएफ८’ प्रकारात ते बसतं. अडतो तो चार बाइटचा इमोजी. म्हणून तिथे ‘यूटीएफ८एमबी४’ निवडावं.

वेळेचा घोळ मात्र पटकन लक्षात येत नाही. एपीआय वेळ यूटीसीमध्ये देतो, आपण साडेपाच तास पुढे. स्ट्रॉबेरीची तोडणी पहाटे 5 ला ठरवली असेल, तर ती आदल्या दिवशीची रात्री साडेअकरा म्हणून येते. तारखेनुसार बेरीज केली की सगळी तोडणी एक दिवस मागे. टेबलात यूटीसीच ठेवावी आणि अहवाल काढताना भारतीय वेळेत बदलावी.

‘एपीआयने दिलं तेवढंच सगळं.’ माझ्या मते सर्वांत घातक समज हाच. काम झालं की आपण कार्ड अर्काइव्ह करतो, आणि बोर्डाची कार्डं साधेपणाने मागितली तर फक्त उघडी कार्डं मिळतात. म्हणजे झालेली कामंच गळतात, जी मोजायला आपण हा खटाटोप मांडला. बंद कार्डंही स्पष्ट मागावी लागतात. घडामोडींचा इतिहास एका विनंतीत जास्तीत जास्त 1000 नोंदींचाच येतो. पुढच्या जुन्या नोंदींसाठी पुन्हा पुन्हा विचारत मागे जावं लागतं. आणि कायमचं डिलीट केलेलं कार्ड यादीतून नुसतं गायब होतं. त्यासाठी दर वेळी आलेले आयडी टेबलातल्या आयडींशी ताडून पाहावेत. जे आले नाहीत, त्यांची ओळ पुसू नये. शेजारच्या रकान्यात ‘आढळलं नाही’ आणि त्या दिवसाची तारीख लिहावी.