मस्टर आणि माणूस : नोकर टिकत नाहीत याविषयीचे काही गैरसमज

रायपूरहून ग्रेट ईस्टर्न रोडने दुर्गच्या दिशेस निघाले असता खारून नदी ओलांडल्यावर लागणारे कुम्हारी हे गाव पूर्वी वाटेवरचा एक थांबा होते. आज तेथे पहाटे उभे राहून पाहावे, तर सायकलच्या हँडलला डबा अडकवून निघालेल्या माणसांपैकी काही रायपूरच्या बाजूच्या कारखान्यांकडे आणि काही भिलाईकडे जाताना दिसतात. अशा दुतर्फा मागणीच्या गावी मालकवर्गाची एकच तक्रार बारमाही ऐकू येते : "इथला माणूस टिकत नाही." या चार शब्दांत चार गैरसमज आहेत असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल खरे, पण फारसे नव्हे.

त्यांतील सर्वांत जुना गैरसमज स्वभावाविषयीचा. छत्तीसगढचा मनुष्य आळशी, दोन पैसे गाठीस आले की घरी बसणारा, अशी त्याची ख्याती बाहेरून आलेल्यांनी करून ठेवली आहे. वस्तुतः तो घरी बसत नाही, धानाच्या बांधीत उभा असतो. राज्य सरकार २०२३-२४ पासून एकरी २१ क्विंटलपर्यंतचे धान ३१०० रुपये क्विंटल या भावाने घेते. ज्याच्या नावे दोन एकर आहेत त्याच्या दृष्टीने तो ४२ क्विंटलांचा, म्हणजे १,३०,२०० रुपयांच्या उलाढालीचा प्रश्न असतो. खर्च वजा जाता हाती उरते ते त्याहून पुष्कळच कमी, आणि म्हणूनच कापणीस मजूर लावण्याऐवजी घरचे हात वापरणे त्यास भाग पडते. कार्तिकात ज्या कारखान्यात रीतसर रजा मिळते तेथे तो पौषात परत रुजू होतो. जेथे गैरहजेरीच्या चौथ्या दिवशी नाव कापले जाते तेथे, अर्थातच, "माणूस टिकत नाही".

हीच तक्रार मुंबईच्या गिरणीमालकांनी कोकणी आणि घाटी कामगारांविषयी शंभर वर्षांपूर्वी केली होती. १९३१ मध्ये व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही मजूर आयोगाने अहवाल दिला, तेव्हा दोषाचा मोठा वाटा भरती करणाऱ्या मुकादमाच्या पदरी पडला. कारण नवा माणूस चिकटला की मुकादमास दस्तुरी मिळे, आणि ज्याला माणूस येण्यात प्राप्ती आहे त्याला जुना माणूस जाण्यात खेद वाटण्याचे कारण नसते. नोकरभरतीचे काम मुकादमाकडून काढून घेऊन स्वतंत्र अधिकाऱ्याकडे सोपवावे, अशी शिफारस आयोगाने केली.

मुकादम गेला आणि ठेकेदार आला. कुम्हारीनजीकच्या एका लहानशा कारखान्यात मला एकदा हजेरीचे दोन मस्टर शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचा योग आला. पहिल्या मस्टरात दिवाळीपूर्वी संपलेले एक नाव दुसऱ्या ठेकेदाराच्या मस्टरात दिवाळीनंतर, वडिलांच्या नावात एक काना कमी होऊन, पुन्हा अवतरले होते. चौकशी केली तेव्हा भट्टीपाशी उभा असलेला तो गृहस्थ हसून म्हणाला, "मी कुठे गेलो होतो, साहेब? पंधरा दिवस ब्रेक दिला, बस." कागदावर एक मनुष्य गेला, एक आला, प्रत्यक्षात तो भट्टीपासून हललाच नव्हता.

हा 'ब्रेक' कशासाठी, हे समजण्यास कायद्याची दोन कलमे पुरतात. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यान्वये बारा महिन्यांत २४० दिवस काम केलेल्याची सेवा एक वर्ष अखंड धरली जाई, आणि अशा कामगाराची कपात करावयाची तर एक महिन्याची सूचना व सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन देणे मालकास भाग पडे. २४० दिवस भरले की मनुष्य आपोआप कायम होतो, हा कामगारांतला गैरसमज आहे. त्या कायद्याने तसे म्हटलेले नाही. मालकही त्याच गैरसमजास भ्याला, आणि एका खोट्या भीतीपायी खरी माणसे हातची घालवीत बसला. ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षे अखंड सेवेची अट होती, तिनेही याच वृत्तीस हातभार लावला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनी मुदतबंद करारावरील नोकरास एका वर्षानंतरच तो हक्क दिला आहे.

गळतीच्या टक्केवारीविषयी तीनच वाक्ये. शंभर जागांच्या कारखान्यातून वर्षात पन्नास माणसे गेली, तर पन्नास जागांवरील माणूस एकेकदा बदलला असेल किंवा दहाच जागांवर पाच-पाचदा. आकडा तोच, रोग निराळा. दुसऱ्या प्रकारात कारखाना नव्हे, त्या दहा जागांवरचा एखादा सुपरवायझर तपासावा लागतो.

"पगार वाढवा, थांबतील" हे मात्र अर्धसत्य आहे. हेन्री फोर्डच्या कारखान्यात १९१३ साली सुमारे चौदा हजार माणसे कामावर ठेवण्यासाठी पन्नास हजारांहून अधिक माणसे भरावी लागली. जानेवारी १९१४ मध्ये त्याने पाच डॉलर रोज जाहीर केला आणि गळती झपाट्याने ओसरली. पण त्याच घोषणेत कामाचे नऊ तास आठ झाले होते, हे सांगावयाचे राहून जाते. भिलाईच्या पोलाद कारखान्यातील कायम नोकर सहसा नोकरी सोडीत नसे, त्यामागे वेतनाइतकेच सेक्टरांतले क्वार्टर, मुलांची शाळा आणि रुग्णालय होते. त्याच फाटकातून शिरणाऱ्या ठेक्यावरील मजुरास यांतले फारसे काही लाभत नसे.

जाण्यायेण्याचा प्रश्नही क्षुल्लक मानला जातो. ९ एप्रिल २०२४ च्या रात्री कुम्हारीजवळ खपरी येथे कामगारांना घरी नेणारी बस मुरमाच्या खदानीत कोसळली आणि दहाहून अधिक जण प्राणास मुकले. घरची माणसे त्यानंतर पाळी संपवून येणाऱ्याची वाट कशी पाहत असतील, आणि दुसरी नोकरी बघ असे कोण कोणास म्हणाले असेल, हे कोणत्याही तक्त्यात येत नाही.

तक्त्यात काय येते, तेही त्याच लहानशा कारखान्यात पाहिले. सोडून गेलेल्यांच्या अर्जांची फाइल कारकुनाने आदराने पुढे केली. कारणाच्या रकान्यात प्रत्येक अर्जावर 'घरगुती अडचण' हे दोन शब्द होते, खाली निरनिराळे अंगठे नि सह्या होत्या, आणि ते दोन शब्द पहिल्यापासून शेवटच्या अर्जापर्यंत त्या कारकुनाच्याच वळणदार अक्षरात होते.