थ्रॉटल पोझिशन सेन्सरच्या परिपथातील दोषाचे निदान

प्रास्ताविक

पेट्रोल इंजिनात किती हवा जावी हे थ्रॉटलची झडप ठरवते आणि ती झडप कोणत्याही क्षणी किती उघडी आहे हे इंजिनाच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, कळवण्याचे काम थ्रॉटल पोझिशन सेन्सर करतो. ही माहिती चुकली की इंधनाची मात्रा आणि ठिणगीची वेळ या दोन्ही गोष्टी बिघडतात. गाडीचा पिकअप जातो, स्लो वरखाली होतो. घाटात पुढच्या ट्रकला ओलांडताना गाडी अचानक अडखळली तर प्रसंग जिवावरचाही ठरू शकतो. भारतात एप्रिल २०१० पासून नव्या मोटारींना टप्प्याटप्प्याने ओबीडी ही स्वयंनिदान प्रणाली सक्तीची झाली. त्यामुळे स्कॅनर जोडताच पी ०१२२ किंवा पी ०१२३ असा संकेतांक मिळतो आणि पुष्कळदा तेवढ्यावरूनच सेन्सर बदलला जातो. मालकाचे पैसे खर्च होतात. तक्रार मात्र कित्येकदा कायम राहते.

याचे कारण संकेतांकाच्या अर्थातच आहे. पी ०१२२ म्हणजे परिपथातील संदेश अपेक्षेपेक्षा कमी व्होल्टेजचा आणि पी ०१२३ म्हणजे तो अपेक्षेपेक्षा जास्त व्होल्टेजचा. दोन्ही संकेतांक परिपथाविषयी बोलतात. सेन्सर हा त्या परिपथाचा केवळ एक घटक होय.

परिपथाची रचना

पारंपरिक सेन्सर हा एक पोटेन्शिओमीटर असतो. त्याला तीन तारा येतात : ईसीयूकडून ५ व्होल्टचा संदर्भ पुरवठा, ईसीयूमार्फत जाणारी अर्थ आणि ईसीयूकडे परतणारा संदेश. झडपेच्या दांड्याबरोबर फिरणारा स्पर्शक रोधपट्टीवर सरकतो. झडप बंद असताना संदेश सुमारे ०.५ व्होल्ट आणि पूर्ण उघडी असताना सुमारे ४.५ व्होल्ट असतो. दोन्ही टोकांना थोडी जागा मुद्दाम मोकळी सोडलेली असते. संदेश ० किंवा ५ व्होल्टच्या अगदी जवळ गेला तर तार तुटली वा शॉर्ट झाली हे ईसीयूला त्यावरूनच ओळखता येते.

अर्थची तार पूर्ण तुटली तर काय होईल? रोधपट्टीतून प्रवाह वाहणे थांबते आणि झडप कोठेही असली तरी संदेश ५ व्होल्टच्या जवळ जातो. पी ०१२३ उमटतो, दोष सेन्सरच्या माथी मारला जातो आणि नवा सेन्सरही तेच व्होल्टेज दाखवतो.

याहून फसवा प्रकार अर्धवट बिघडलेल्या अर्थचा. रोधपट्टी ५००० ओहमची आहे आणि पावसाळ्यात कनेक्टरची पिन गंजल्याने अर्थच्या मार्गात ५०० ओहमचा जादा रोध आला आहे, असे मानू. पूर्वी ०.५ व्होल्ट असलेला बंद स्थितीतला संदेश आता सुमारे ०.९१ व्होल्ट होतो. पूर्ण उघड्या स्थितीत मात्र ४.५ ऐवजी जेमतेम ४.५५. दोन्ही आकडे मर्यादेतच असल्याने हे दोन संकेतांक उमटण्याचे कारण राहत नाही. बंद झडप ईसीयूला किंचित उघडी भासू शकते आणि मग स्लो बिघडतो. अशा गाडीत केवळ स्कॅनरवर विसंबणारा तंत्रज्ञ दिशाहीन होतो.

तपासणी

म्हणून पहिले मापन सेन्सरचे नसून अर्थचे असावे. कनेक्टर जोडलेलाच ठेवून, इग्निशन चालू करून, मल्टिमीटरची काळी तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि लाल तार कनेक्टरच्या मागील बाजूने सेन्सरच्या अर्थ पिनला लावावी. निरोगी परिपथात हे मूल्य काही मिलिव्होल्टच असते. वरील उदाहरणात ते ०.४५ व्होल्ट येईल. कनेक्टर काढून नुसता रोध मोजण्यापेक्षा ही रीत अधिक विश्वासार्ह, कारण पिनांचा सांधा जुळलेला असतानाच त्याची परीक्षा होते. टेस्ट लॅम्प येथे वापरू नये. तो ईसीयूच्या नाजूक परिपथातून नको तेवढा प्रवाह ओढतो.

संदर्भ पुरवठा ५ व्होल्टपेक्षा बराच कमी आढळल्यास लगेच ईसीयूला दोषी धरू नये. अनेक गाड्यांत हाच पुरवठा मॅनिफोल्ड प्रेशर सेन्सरसारख्या इतर सेन्सरांनाही जातो. त्यांपैकी एखादा आतून शॉर्ट झाला तर सर्वांचाच पुरवठा कोसळतो. एकेक कनेक्टर काढत जावे. ज्याच्या निघण्याने ५ व्होल्ट परत येतात, तेथे दोष. उंदरांनी कुरतडलेल्या वायरिंगची शक्यता मात्र तरीही उरते.

पुरवठा व अर्थ दोन्ही ठीक असून पी ०१२२ येत असेल, तर कनेक्टर काढून त्यातील संदर्भ आणि संदेश या पिना क्षणभर जोडाव्यात. तारांची ओळख सर्व्हिस मॅन्युअलवरून पटवल्याखेरीज हे करू नये. स्कॅनरवरील मूल्य ५ व्होल्टच्या आसपास गेले तर संदेशाची तार आणि ईसीयू दोन्ही शाबूत आहेत. आता सेन्सर बदलणे न्याय्य ठरते. मूल्य हलले नाही तर दोष वायरिंगमध्ये किंवा ईसीयूत आहे.

रोधपट्टीची झीज बहुधा कमी उघाडाच्या भागात होते, कारण शहरी वाहतुकीत स्पर्शक तेथेच सतत घासत राहतो. झडप सावकाश उघडताना एका ठिकाणी व्होल्टेज क्षणभर खाली पडते. आकड्यांचा साधा मीटर हा क्षण अनेकदा चुकवतो. जुना काट्याचा मीटर वा ऑसिलोस्कोप तो दाखवतो. काट्याचा मीटर मात्र जास्त अंतर्गत रोधाचा हवा.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाड्यांत दोन सेन्सर असतात आणि ईसीयू त्यांचे संदेश परस्परांशी ताडून पाहतो. तेथे पिना जोडण्याची वरील युक्ती करू नये. इग्निशन चालू असताना झडपेत बोट घालणेही धोक्याचे, कारण मोटर ती झडप अचानक मिटू शकते. काही गाड्यांत झडपेचा संच बदलल्यावर बंद स्थितीची नोंद ईसीयूला नव्याने करून द्यावी लागते. ती पायरी राहून गेली तर दुरुस्त झालेली गाडीही स्लोवर बंद पडून पुन्हा गॅरेजमध्ये येते.